भाजल्यावर लावायचे कोरफड, मध व हळदीचे जेल : वापरल्यानंतरचे मत

यंदा वेळ अमावस्येला शेतात भज्जीचे उकळते पातेले कलंडले आणि वहिनींचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. कोणी टूथपेस्ट आणत होते, कोणी शाई. भावाने मात्र कोणाचे न ऐकता त्यांचा हात २० मिनिटे बोअरच्या धारेखाली धरून ठेवला. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की बहुतेक भाग वरवर भाजलेला, फोड येणारा आणि झोंबणारा आहे. मनगटाजवळचा रुपयाएवढा पांढरट डाग मात्र खोलवर गेलेला आहे, कारण तेथे टाचणी टोचली तरी वहिनींना कळत नव्हते.

पहिले दहा दिवस सिल्व्हर सल्फाडायझिन या जंतुनाशक मलमाचे ड्रेसिंग झाले. नवी कातडी धरू लागल्यावर तेथे कोरड आणि असह्य खाज सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच हे जेल आणले. ३० ग्रॅमच्या ट्यूबला १६५ रुपये पडले. जेल फिकट पिवळे आणि हाताला गार लागणारे आहे. ते लावल्यावर चिकचिक राहत नाही, दोन-तीन मिनिटांत पातळ पापुद्र्यासारखे वाळते आणि धुताना कातडी ओढली जात नाही. दहा रात्री उठून बसणाऱ्या वहिनी पहिल्याच रात्री सलग झोपल्या, आणि आमच्या घराला तेवढ्यावरच ट्यूबचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. पातळाला पिवळे डाग पडतात, तेवढे सांभाळावे लागते.

माझी खरी तक्रार खोक्यावरील मजकुराविषयी आहे. त्यावर तिन्ही घटकांची नावे आहेत, पण एकाचेही प्रमाण दिलेले नाही. मधातील दाट साखर जंतूंमधले पाणी शोषून घेते, आणि मध आम्लधर्मी असल्यामुळेही जंतू वाढत नाहीत. तोच मध जेलमध्ये पातळ झाला तर हा गुण किती उरतो, हे प्रमाणावरच ठरते. भाजलेल्या जखमांवरील मधाचा गाजलेला अभ्यास आपल्या शेजारच्या सोलापूरचाच आहे. तेथील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात १०४ रुग्ण होते. निम्म्यांना मध आणि निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन लावले होते, आणि सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, तर दुसऱ्या गटातील केवळ ७ टक्के. परंतु तेथे जखमेवर मधच लावला होता, मधाचा अंश असलेले जेल नव्हे. शिवाय सिल्व्हर सल्फाडायझिनमुळे जखम भरण्यास उशीर होऊ शकतो असे पुढे दिसून आले, त्यामुळे ही तुलनाही जपूनच वाचावी लागते. हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तेव्हा जेल पिवळे दिसते म्हणून कर्क्युमिन कातडीत उतरते असे मानता येणार नाही.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे खोक्यावर ‘सर्व प्रकारच्या भाजण्यावर उपयुक्त’ असे ठळक छापले आहे. कातडीची पूर्ण जाडी जळाली असेल तर तेथे नवी कातडी तयार करणाऱ्या पेशीच उरत नाहीत, आणि डाग मोठा असल्यास दुसरीकडची कातडी आणून बसवावी लागते. आमच्याकडे वस्तीवरून मोठ्या दवाखान्यात पोहोचायला दोन-दोन तास लागतात. हे वाक्य वाचून कोणी घरीच थांबले तर जिवावर बेतेल. वहिनींच्या मनगटावरील डागाला डॉक्टरांनी हे जेल लावूच दिले नाही; तो महिनाभराच्या ड्रेसिंगनंतर कडेने आवळत भरला.

भरून आलेल्या कातडीची खाज आणि कोरड यांसाठी मी या जेलला पाचपैकी साडेतीन गुण देईन. उघड्या जखमेसाठी एकही देणार नाही. घटकांचे प्रमाण आणि रुग्णांवर चाचणी झाली असल्यास तिचा तपशील मागणारे पत्र बॅच क्रमांकासह उत्पादकाला पाठवले आहे.