‘कसं आहे?’ विचारलं की: वस्तू, गाणं की हालचाल?

तीन ते सहा वर्षांच्या मुलानं ‘मोठं’, ‘लाल’, ‘छान’ यांच्यापुढे जाऊन ‘बुळबुळीत’, ‘तुरट’, ‘भुसभुशीत’ असे वर्णनाचे शब्द, म्हणजे विशेषणं, वापरावीत, म्हणून बालवाडीत तीन वाटा चोखाळल्या जातात. ऋतूतल्या वस्तू हाताळायला द्यायच्या, गाणं म्हणायचं किंवा हालचालीचे खेळ घ्यायचे. ‘तिन्ही करा’ असं सांगणं सोपं असतं. पण समोर तीस मुलं आणि हाताशी वीसच मिनिटं असली की निवड करावी लागते. माझं मत स्पष्ट आहे : आधी वस्तू.

चव आणि स्पर्श चित्रात दाखवता येत नाहीत. आवळ्याची फोड चावून तोंड वाकडं झाल्याशिवाय ‘तुरट’ कळणार कसं? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला (आजचा पालघर जिल्हा) बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा परिसरातल्या साध्या वस्तूंनाच शैक्षणिक साधनं मानलं. ऋतूचा फायदा असा की तो साधन आपणहून बदलून देतो. पावसाळ्यात शेवाळलेला बुळबुळीत दगड आणि भुसभुशीत माती, संक्रांतीला काटेरी हलवा, उन्हाळ्यात चिकट चीक लागलेली करवंदं. सगळ्यांत उत्तम म्हणजे कैरी. ती टणक, हिरवी, आंबट असते. मग पाड लागतो आणि हळूहळू तीच मऊ, पिवळी, गोड होते. एकाच फळावर विरुद्धार्थी शब्दांच्या दोन जोड्या आणि वर रंगबदल, तेही मुलांच्या डोळ्यांदेखत! मात्र एका वेळी दोनच वस्तू ठेवाव्यात. गुळगुळीत आवळ्याशेजारी काटेरी हलवा असला की दोन्ही शब्द पक्के होतात. टोपलीभर वस्तू मांडल्या की नुसती हिसकाहिसकी.

तोटेही आहेत. फणस एक आणि हात तीस, म्हणजे शेवटच्या मुलापर्यंत पोचेस्तोवर पहिली पाच उठून गेलेली. चिंचोके आणि बोरांच्या बिया नाकात जातात, कच्चं अळू तोंडात गेलं तर घसा खाजतो. तीनपेक्षा लहान मूल असेल तर बारीक बिया नकोतच.

गाण्याला खर्च नाही आणि चाळीस मुलं एकदम म्हणू शकतात. पण त्याची खरी ताकद वेगळीच आहे, आणि ती फारशी कोणी हेरत नाही. ‘आंबट’, ‘गोल’, ‘लाल’ हे शब्द चिंचेलाही तसेच आणि लिंबालाही तसेच राहतात. ‘हिरवा’ मात्र लिंगाप्रमाणे रूप बदलतो. हे नियम सांगून मुलाच्या जिभेवर बसत नाही, ठेक्यावर बसतं : ‘पेरू हिरवा, शेंग हिरवी, पान हिरवं हिरवं.’ अशा दोन ओळी कोणतीही ताई रचू शकते. परदेशातल्या मराठी शाळांत, जिथे मुलांच्या कानावर मराठी कमी पडते आणि ‘हिरवा पान’ सर्रास ऐकू येतं, तिथे मी गाण्याला वस्तूंच्या बरोबरीचं स्थान देईन. तिथल्या शरद ऋतूतली वाळकी, कुरकुरीत पानं आणि जड भोपळा घ्यायला काहीच हरकत नाही. आंब्यासाठी अडून बसू नये. गाण्याचा धोका एकच : ‘बुळबुळीत’ झोकात म्हणणाऱ्या मुलानं काही बुळबुळीत हातात धरलेलंच नसतं.

हालचालीचा बोलबाला मोठा, पण या कामापुरती ती तिसरी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची ‘आज्ञा ऐका, कृती करा’ ही पद्धत क्रियापदांसाठी झकास आहे. ‘हळू चाल’, ‘टुणकन उडी मार’ यातून मुलं क्रिया आणि ती करण्याची रीत शिकतात. विशेषणांत तिला जमतात ती मापाची : उंच-बुटकं, जड-हलकं, रुंद-अरुंद. जड पोतं उचलल्याचा अभिनय मुलं फार रंगून करतात. पण ‘तुरट’ नाचून दाखवता येत नाही. शिवाय जुलैत मैदान चिखलात असतं आणि खोलीत तीस मुलं उड्या मारू लागली की शेजारचा वर्ग ओरडतो.

घरी एकच मूल असेल तर वस्तू पुरेत. स्वयंपाकघर हाताशी आहे. वर्ग मोठा असेल तर सोमवारी चार-चार मुलांच्या गटांत वस्तू फिरवा आणि उरलेला आठवडा त्याच शब्दांचं गाणं घ्या. मुलं चुळबुळ करू लागली की मध्येच पाच मिनिटं हालचाल. शुक्रवारी वर्गात कधीच न आलेली एखादी वस्तू हातात देऊन ‘कसं आहे?’ विचारा. ‘छान’ एवढंच उत्तर आलं, तर पुढच्या आठवड्यात गाणं कमी करून टोपली पुन्हा काढा.