घरच्या शाळेसाठी जेलो अ‍ॅप, दोन वर्षं वापरल्यावर

ह्यांच्या लष्करी युनिटमधल्या दोन-तीन जणींनी विचारलं की न बोलणाऱ्या मुलाला चित्रं दाबून बोलता येईल असं हे जेलो अ‍ॅप कसं आहे आणि मुलांची शाळा घरी कशी घेते, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

माझं माहेर-सासर दोन्ही नगरचं, ख्रिस्ती वस्तीतलं. ह्यांची नोकरी रणगाड्यावरची, त्यामुळे बाबिना, पटियाला, हिसार असं करत करत घर पाचदा हलवलंय. मोठी १२ वर्षांची, तिला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचायला-लिहायला त्रास होतो. धाकटा ९ चा, त्याला ऑटिझम, तोंडाने बोलत नाही. स्पीच थेरपिस्टशी त्याची जरा ओळख व्हायला सहा-सात महिने लागायचे आणि तेवढ्यात बदलीची ऑर्डर यायची, की पुन्हा नवीन गाव, नवीन मॅडम, पुन्हा पहिल्यापासून. एका शाळेने (नाव नको) तर डिसेंबरात बोलावून सांगितलं की ह्याला सांभाळायला माणूस तुम्हीच द्या नाहीतर घरी ठेवा. हे तेव्हा फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा पोस्टिंगवर होते. रात्री फोन लागला तेव्हा मी रडतच सगळं सांगितलं, मग आम्ही फोनवरच प्रार्थना केली आणि ठरवलं की शाळा आता घरी. बदली झाली तर काळ्या ट्रंकांबरोबर शाळाही ट्रकमध्ये चढेल.

अशा विशेष मुलांसाठी लष्कराच्या आशा स्कूल आहेत, तुमच्या स्टेशनात असेल तर आधी तिथे जरूर जा, पण प्रत्येक स्टेशनात नसते.

आता जेलो. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये, म्हणजे त्यांच्या डिझाइन शाळेत, तयार झालेलं हे अ‍ॅप आहे. फुकट आहे आणि मराठीत आहे, हे मला सगळ्यात मोठं वाटलं, कारण आमच्या घरात आजीपासून सगळे मराठीच बोलतात आणि त्याआधी आम्ही पैसे भरून घेतलेलं एक अ‍ॅप नुसतं परदेशी इंग्रजीत बोलायचं, पोराला त्यातलं काही आपलं वाटायचंच नाही. जेलोमध्ये स्क्रीनवर चित्रं असतात, खाणं, खेळ, माणसं, जागा, मदत वगैरे गट केलेले, आणि कडेला सहा बटणं: आवडतं, हो, अजून, आणि त्यांच्या उलटी तीन. चित्र दाबून मग बटण दाबलं की अ‍ॅप पूर्ण वाक्य बोलतं. आवडतंचं बटण दोनदा दाबलं तर खूप आवडतं. माझ्या मुलाला हे दोनदा दाबणं कळलं त्या दिवशी त्याने आंब्यावर किती वेळा दाबलं सांगू!

घरातले मोठे म्हणतात असलं काही दिलं की मूल बोलायचंच बंद होईल. तसा पुरावा कुठेही नाही, आमच्या थेरपिस्टनेही हेच सांगितलं, तेव्हा ह्या भीतीने थांबू नका. पण टॅब हातात देऊन आपण कामाला लागलो तर काहीही होणार नाही. पहिले तीन महिने मीच दाबत होते, पाणी देताना पाणी दाबायचं, फिरायला निघताना बूट दाबायचं, तो नुसता बघायचा. चौथ्या महिन्यात त्याने स्वतःहून पाणी दाबलं. अ‍ॅप थेरपिस्टची जागा घेत नाही, महिन्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर सेशन आमचं अजून चालू आहे.

जेलोमध्ये मुलाच्या गरजेप्रमाणे स्वतःचे बोर्ड, म्हणजे आपण निवडलेल्या चित्रांची पानं, बनवता येतात, आमची घरची शाळा त्यावरच उभी आहे. मोठीने भावासाठी बोर्ड केलेत, कारण तिला वाचायला त्रास होतो पण चित्रांत ती भलती हुशार आहे. सकाळचा बोर्ड, हिशोबाचा बोर्ड, आणि एक प्रार्थनेचा, त्यात चर्च, पवित्र शास्त्र, आमेन, आजी, पप्पा असे आमचेच फोटो. संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही प्रत्येकजण देवाकडे एक गोष्ट मागतो, हा आधी नुसता आमेनला टाळी वाजवायचा. गेल्या पावसाळ्यात ह्यांची सुट्टी संपून ते गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्याची पाळी आली तेव्हा ह्याने पप्पा दाबलं आणि मग अजून. मग परत पप्पा, परत अजून. नऊ वर्षांत त्याने देवाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी ते रेकॉर्ड करून ह्यांना पाठवलं, आणि आजही ते लिहिताना मला भरून येतं.

मोठीचं सर्टिफिकेटचं काय, हे पण सगळ्या विचारतात. तिला एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालय, घरी शिकून परीक्षा देता येते) ओबीईमधून, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुक्त शिक्षणातून करायचं ठरवलंय, त्यात ए, बी, सी असे टप्पे आहेत, तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे. दहावीला वय १४ पूर्ण लागतं, पाच विषय, पाच वर्षांत ९ संधी, आणि एकेक विषय सुटा देता येतो. लेखनिक आणि जादा वेळही मिळतो, पण त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, बदलीच्या धावपळीत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आणि डिस्लेक्सिया दोन्ही आहेत.

जेलोला माझ्याकडून पाचपैकी पाच. टॅबला जाड कव्हर घ्या आणि बोर्ड दुसऱ्या मोबाइलवरही ठेवा, सामान हलवताना टॅब कुठल्या ट्रंकेत गेला तर मुलाचा आवाजच गेला.

सध्या मोठी नाताळचा बोर्ड करतेय. तारा, केक, आजीच्या घरची घंटा झाली, करंजीचा फोटो राहिलाय, तो आता डिसेंबरात तळल्यावरच.