मुंबई ते न्यूयॉर्क: थेट जावं की मध्ये थांबून?

आईबाबांना अमेरिकेला आणायचं ठरलं की आपण आधी भाडं बघतो, मग एकूण तास. मी आता वेगळीच गोष्ट आधी बघते: सगळ्यात लांबचा टप्पा किती तासांचा आहे.

मागच्या खेपेला आई दुबईवरून आली. "मध्ये पाय मोकळे होतील" म्हणून मीच ते तिकीट काढलं होतं. बाहेर आली तेव्हा पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा कातडीत रुतून बसला होता. तेव्हा बसून हिशेब केला. मुंबई-दुबई जेमतेम सव्वातीन तास. तिथे उतरायचं तेव्हा माणूस थकलेलाही नसतो. पुढचा दुबई-न्यूयॉर्क टप्पा मात्र सलग चौदा तासांचा. थेट विमानाला साधारण साडेपंधरा-सोळा तास लागतात. म्हणजे एवढा खटाटोप करून सलग बसणं कमी झालं ते दीड-दोन तासांनी, आणि एकूण प्रवास गेला वीस-बावीस तासांवर. दोहाचंही गणित असंच आहे.

अंतराची भीती मात्र बाळगू नका. मुंबई-न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर सुमारे 12,550 किलोमीटर. दुबईवरून ते 12,950च्या आसपास होतं, लंडनवरून 12,750. पृथ्वी गोल असल्यामुळे न्यूयॉर्कची जवळची वाट उत्तर युरोपावरूनच जाते, त्यामुळे लंडन किंवा फ्रँकफर्ट फारसं वाकडं पडत नाही. शिवाय तिथे प्रवास जवळजवळ मधोमध मोडतो: लंडनपर्यंत साडेनऊ-दहा तास, पुढे आठ. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खरी विश्रांती इथे मिळते.

मग थेट विमान कोणासाठी? एकट्या येणाऱ्या आईसाठी, इंग्रजीत विचारायला बिचकणाऱ्या काकांसाठी, नि:संशय. गेट शोधायचं नाही, पुन्हा सुरक्षा तपासणी नाही, पुढचं विमान चुकायची धास्ती नाही. भाडं बहुतेकदा जास्त पडतं, पण अशा वेळी ते मोजावं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्याचा फटका दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना जास्त बसला. तरी मुंबईच्या वेळाही तिकीट काढताना ताज्या बघून घ्या.

आखाती मार्गांत अबू धाबी मला वेगळं वाटतं. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. न्यूयॉर्कला उतरल्यावर ती रांग नाही, देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर. लांब टप्पा तोच, पण चौदा तासांनंतर रांगेत उभं राहणं वाचतं.

परतीला पश्चिमेकडून येणारे वरच्या थरातले वारे पाठीशी असतात, म्हणून थेट विमान चौदा तासांच्या आसपास पोचतं. घड्याळाचंही लक्षात ठेवा: न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. गाडी घेऊन विमानतळावर जाणारे इथेच चुकतात.

मध्ये थांबणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा. थांबा अडीच तासांहून कमी नको.

यंदा आईसोबत बाबाही येतायत. तिकीट लंडनवरून काढलंय, थांबा साडेतीन तासांचा, आणि दोन्ही टप्प्यांत आईला कडेची सीट.