पीएम आवासचा फ्लॅट, चौदा महिन्यांनंतर (मुख्यतः लिफ्टबद्दल)

मंगळवारी लिफ्ट परत बंद पडली. इंदूरच्या सीतलामाता बाजारातून आणलेलं चाळीस साड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन सहा माळे चढले, धाप लागून जिन्यातच बसले आणि तिथेच ठरवलं, आता हे लिहायचंच. प्रधानमंत्री आवास योजनेचा अर्ज, लॉटरी, 30 चौरस मीटर कार्पेट एरिया, हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच. ते सोडून देते.

मी फॉल-पिको करते. आधी आम्ही रामबागेत तळमजल्याच्या एका खोलीत राहायचो. भाडं सहा हजार, वीज घरमालकाच्या दराने, आणि अकरा महिने संपत आले की "बघा हं, खोली लागणार आहे आम्हाला." आता हप्ता पाच हजार चारशे. पण हिशोब तेवढ्यावर संपत नाही. रामबागेतून बाजारात पायी जायचे, इथून शेअरच्या मॅजिक गाडीला जाऊन-येऊन चाळीस रुपये पडतात. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघीच इथवर येतात, त्याही खालूनच फोन करतात, "ताई, साडी खाली आणून देता का?"

घर मात्र चांगलं आहे. ओट्यावर सकाळी ऊन येतं. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, टाकी भरून घेतली की पुरते. पहिल्या पावसाळ्यात बाथरूमच्या भिंतीला ओल आली होती, ती ह्यांनी दोनशे रुपयांच्या पुट्टीत निस्तरली. रजिस्ट्रीवर माझं नाव आहे. योजनेचा नियमच तसा, घर बाईच्या नावावर नाहीतर जोडीने. सासूबाई पहिले दोन महिने शेजारणींना तो कागद दाखवत होत्या, जणू त्यांनीच नियम केला.

आता लिफ्ट. बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या जागा दोन आहेत, लिफ्ट एक. दुसऱ्या जागेवर प्रत्येक माळ्यावर प्लायवूड ठोकलंय. छप्पन घरं आणि एक लिफ्ट! विचारायला गेलं की एकच उत्तर, ठेकेदाराचं शेवटचं पेमेंट अडकलंय. हे कसं होतं ते ह्यांनी मला समजावलं. अशा प्रकल्पात केंद्राचे घरामागे दीड लाख असतात, ते 40, 40 आणि 20 टक्के असे तीन हप्त्यांत येतात. शेवटचे 20 काम पुरं झाल्यावर. म्हणजे पैसे आले की काम पुरं होणार, आणि काम पुरं झालं की पैसे येणार. मला तर हे सुनेला "आधी स्वयंपाक कर, मग किराणा देते" म्हणण्यासारखं वाटतं. वर 2024-25 च्या बजेटात शहरी आवासला सुमारे 30,000 कोटी ठेवले आणि सुधारित अंदाजात ते जवळजवळ निम्मे केले. त्यात आमची लिफ्ट गेली की नाही, कोण सांगणार? पण पेपरात तो आकडा वाचला तेव्हा मला आधी ते प्लायवूडच दिसलं.

माझ्या जावेचं तर याहून वाईट. तिने बिल्डरचा छोटा फ्लॅट घेतला. आवास योजनेतच सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाची सबसिडी होती, जास्तीत जास्त 2 लाख 67 हजार, एकदम कर्जखात्यात जमा. भाऊजींचा पगाराचा दाखला यायला वेळ लागला आणि 31 मार्च 2022 ला ती सबसिडीच बंद झाली. सप्टेंबर 2024 पासून नवी आलीय, 1 लाख 80 हजारांपर्यंत, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. जाऊ म्हणते, माझं कर्ज जुनं, मला काय त्याचं. ती अजून दोन ठिकाणी पोळ्या करायला जाते.

इथवर लिहून ठेवलं होतं. काल मेकॅनिक आला, म्हणून थोडं बदलते. लिफ्ट बिघडण्याचं कारण निघालं दार. सामान चढवताना लोक दाराला वीट लावून ते उघडं धरतात, त्याने सेन्सर गेला. मीही गाठोडं दारात ठेवून आत-बाहेर केलंय, खोटं कशाला बोलू. शिवाय मेंटेनन्सचे चारशे रुपये निम्मी घरं भरतच नाहीत. तेव्हा चालू लिफ्टचा सगळा राग ठेकेदारावर काढला, तो अर्धा मागे घेते. बंद प्लायवूडचा नाही.

त्या प्लायवूडवर आमच्या माळ्याच्या पोरांनी खडूने बटणं काढलीत, शून्य ते सात. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हे त्यांना धरून वर आणत होते, तर त्या तिथे थांबून बटण दाबायला लागल्या. पोरं हसली. मीही हसले, मग दुपारभर मशीनवर बसवेना.

सेन्सरसाठी घरटी साडेसहाशे मागितलेत. देईन, पण पक्की पावती मिळाल्यावरच.