टेबलावरचा व्हॉल्व्ह वेगळा, खोक्यातला वेगळा

उन्हाळी कामांच्या दिवसांत कोल्हापुरात गृहोपयोगी वस्तूंची प्रदर्शने भरतात आणि हल्ली त्यांत पिशवीतील हवा काढून अन्न टिकवण्याचे संच हमखास विकायला असतात. यंदा अशाच एका संचाच्या खरेदीत माझी फसवणूक झाली. हे विक्रेते एका गावात ठरत नाहीत. इथला मंडप उठला की तोच माल सांगलीत किंवा इचलकरंजीत दिसू शकतो, म्हणून घडले ते तपशिलाने लिहीत आहे.

मी घरगुती प्रमाणावर कांदा-लसूण चटणी करून विकते. चैत्र-वैशाखात कांडप करून ठेवलेली चटणी वर्षभर पुरवायची असते आणि तिची खरी परीक्षा पावसाळ्यात होते, कारण दमट हवा लागली की मिठामुळे ती ओल ओढून घेते, गुठळ्या धरते आणि रंगालाही उतरते. घरच्यापुरती चिनी मातीची बरणी आणि वर ठेवलेले हिंगाचे खडे पुरतात. पण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाव-अर्धा किलोची पाकिटे पाठवायची तर हवाबंद बांधणीवाचून गत्यंतर नाही. त्यासाठीचे मोठे यंत्र मला परवडणारे नव्हते आणि विक्रेत्याने नेमके हेच हेरले.

त्याच्याकडचा व्हॉल्व्ह दोन भागांचा होता. पिशवीला भोक पाडून खालची बैठक आतून लावायची, वरची टोपी बाहेरून फिरवून घट्ट करायची आणि छोट्या हातपंपाने हवा ओढायची. पिशवी संपली की व्हॉल्व्ह काढून, धुऊन दुसऱ्या पिशवीला लावायचा. विहिरीवरच्या मोटरीचा फूट-व्हॉल्व्ह ज्याने पाहिला आहे त्याला याचे तत्त्व वेगळे सांगायला नको. पंप ओढतो तेव्हा आतली मऊ चकती उचलली जाते आणि हवा बाहेर पडते. पंप थांबला की बाहेरच्या हवेचा दाब तीच चकती बैठकीवर दाबून धरतो. तत्त्वात काहीही खोट नाही आणि चांगल्या बनावटीचे असे व्हॉल्व्ह खरोखर काम देतात, हे मी आजही मानते.

प्रात्यक्षिक डोळ्यांत भरण्यासारखे होते. जाड, किंचित खरखरीत पिशवीत तिखट भरून त्याने पंप चालवला, तसे ते तिखट विटेसारखे कडक झाले. मग ती पिशवी त्याने टेबलावर आपटून दाखवली आणि माझ्या हातात दिली. “ताई, दुधाच्या पिशवीला लावा नाहीतर साखरेच्या, आयुष्यभर चालणार,” असे तो म्हणाला. एका संचाचे १,४५० रुपये सांगितले. चार संच घेतल्यास शंभर-शंभर कमी. मी चार घेतले. चारही खोकी प्लॅस्टिकने आवळलेली होती आणि तिथे उघडून दाखवण्यास त्याने “सील तुटले की वॉरंटी जाते” असे सांगून नकार दिला. नकारामागचे कारण मला पुढे कळले.

घरी भरलेली पाकिटे तास-दोन तास घट्ट राहात आणि मग हळूहळू सैल पडत. फोन केल्यावर विक्रेत्याने चकतीला तेलाचा थेंब लावायला सांगितले. ही सूचना मोठी फसवी आहे. तेलाचा पातळ थर बारीक फट काही काळ बुजवतो, त्यामुळे पाकीट रात्रीपर्यंत टिकते, आपल्याला वाटते जमले, आणि सकाळी ते पुन्हा ढिले असते. दरम्यान काही पाकिटे गिऱ्हाइकांकडे पोहोचली होती. व्हॉल्व्हच्या बाजूने चटणीच्या गुठळ्या झाल्याच्या तक्रारी आल्या आणि मला तो माल बदलून द्यावा लागला.

उलगडा झाला तो माझ्या जाऊबाईंमुळे. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी हट्टाने टेबलावरचाच नमुना विकत घेतला होता आणि त्यांचे पाकीट आठवडा उलटला तरी कडक होते. आम्ही दोन्ही व्हॉल्व्ह उद्यमनगरातील धाकट्या दिरांच्या वर्कशॉपमध्ये नेले. भिंगाखाली पाहताच फरक दिसला. जाऊबाईंच्या व्हॉल्व्हमधील चकती दुधी रंगाची, बोटाने दुमडली तर लगेच पूर्ववत होणारी सिलिकॉनची होती. माझ्या व्हॉल्व्हमधील चकती दिसायला तशीच, पण पातळ आणि ताठ होती. दुमडल्यावर तिच्यावर पांढरी रेघ उमटली आणि ती तशीच राहिली. भाऊजींनी चिमट्यात धरून तिचा तुकडा पेटवला, तेव्हा तो काळा धूर सोडत वितळून ठिबकला. सिलिकॉन असे ठिबकत नाही. ते जळते आणि मागे पांढरी राख ठेवते. शिवाय माझ्या बैठकीवर मोल्डिंगची फ्लॅश, म्हणजे साच्याच्या जोडावर उरलेली केसाएवढी उंच कड, आडवी गेलेली होती. मऊ चकती अशा कडेवर वाकून बसते, ताठ चकती तिच्यावर अधांतरी राहते आणि दोन्ही बाजूंनी हवा आत शिरते. खात्रीसाठी जाऊबाईंची चकती माझ्या बैठकीत बसवली, तर पाकीट रात्रभर घट्ट राहिले. माझी चकती त्यांच्या बैठकीत बसवली, तर ते सैल पडले. म्हणजे दाखवायला एक माल आणि विकायला दुसरा, हे मुद्दाम केलेले होते.

दाबाचा हिशेबही भाऊजींनी समजावून दिला. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो असतो. हातपंपाने आतला दाब निम्म्यावर आणला, तर दोन सेंटीमीटर व्यासाच्या चकतीवर सुमारे दीड किलोचा भार येतो. मऊ चकतीला बैठकीच्या बारीक उंचसखलपणावर दाबून बसवायला तो पुरतो, ताठ प्लॅस्टिकला नाही.

पैशांपेक्षाही मला ज्या गोष्टीची चीड आहे ती वेगळीच. मटणाचा रस्सा, लसणाची ओली चटणी, ठेचा हे सारे या पिशवीत फ्रीजशिवाय पंधरा दिवस टिकते, असे त्या विक्रेत्याने माझ्यासमोर कित्येक बायकांना सांगितले आणि त्याच्या फलकावरही तेच छापले होते. हा दावा जिवावर बेतू शकतो. हवा काढल्याने बुरशीला आणि काही जंतूंना अटकाव होतो हे खरे. परंतु क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू हवा नसलेल्या जागेतच वाढतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, आणि ओलसर, कमी आंबट पदार्थ उबदार जागी हवाबंद राहिला तर तो असे विष तयार करतो की ज्याने स्नायू लुळे पडतात आणि श्वासही थांबू शकतो. अन्नाला वास येईलच, चव बदलेलच, असे नाही. तेलातला लसूण तर याबाबत जगभर धोक्याचा मानला जातो. म्हणून व्हॉल्व्ह अस्सल असो वा नकली, रस्सा आणि ओली चटणी फ्रीजमध्येच ठेवावी, अधिक दिवसांसाठी फ्रीझरमध्ये. हवाबंद पिशवी बाहेर ठेवायची ती खडखडीत वाळलेल्या जिनसांसाठी, म्हणजे डाळी, सुके मसाले, कोरडी चटणी यांच्यासाठी.

खोके पुन्हा निरखले तेव्हा त्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, तक्रारीसाठीचा संपर्क यांपैकी काहीच नव्हते. फक्त किमतीचा चिकटवलेला कागद होता. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार हा तपशील छापणे बंधनकारक आहे आणि त्याबाबतची तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे करता येते. मी ती केली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद जमवत आहे. माझ्यासारख्या गृहउद्योग करणाऱ्या भगिनींनी एक लक्षात ठेवावे: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळलेली असली, तरी स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहकच धरला जातो. विक्रेता परगावचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

मी तक्रारीचा उल्लेख करताच विक्रेत्याने परतावा देतो म्हणून मोबाइलवर एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मी तो टाकला नाही. कुणाचे असे पैसे गेले असतील तर त्यांनी जराही वेळ न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर कळवावे.

असा संच घ्यायचाच असेल तर आपल्या खोक्यातील व्हॉल्व्ह तिथेच उघडून बसवायला सांगावे, चकती दुमडून पाहावी आणि बैठकीवरून नख फिरवावे. टेबलावर आत्ता ओढलेल्या पाकिटाने पंप चांगला आहे एवढेच कळते. आदल्या दिवशी ओढलेले पाकीट दाखवा म्हणावे. घरी आणल्यावर पिशवीत वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा घालून हवा ओढावी आणि व्हॉल्व्ह बुडेल अशी ती पाण्याच्या परातीत ठेवावी. चकती गळकी असेल तर पाणी आत ओढले जाते आणि कागद भिजतो. तिखट-हळदीची पूडही चकतीखाली अडकते, म्हणून व्हॉल्व्हच्या आतल्या तोंडाशी टिपकागदाची घडी ठेवून पंप सावकाश चालवावा.

यंदाच्या प्रदर्शनांतून ज्यांनी असे संच घेतले असतील, त्यांनी खोके, पावती आणि पैसे दिल्याचा मोबाइलवरील संदेश जपून ठेवावा, आणि या पिशव्यांत फ्रीजबाहेर ठेवलेले शिजवलेले अन्न किंवा ओली चटणी असेल तर चाखूनही न पाहता आजच टाकून द्यावी.