स्पीड बॅगची फळी: आठ महिने ठोकून झाल्यावर

घरी स्पीड बॅग (बॉक्सिंगच्या सरावाची छोटी बॅग, आडव्या फळीखाली लटकते आणि ठोसा बसला की फळीवर आपटत परत येते) टांगायची ठरली की बॅग कोणती, स्विव्हल (बॅग अडकवायचा फिरता आकडा) कोणता यावर रात्र रात्र जागरण होतं आणि वरच्या फळीसाठी मात्र माळ्यावर पडलेला तुकडा चालतो. मीही तेच केलं. आठ महिन्यांत तीन फळ्या झाल्या.

पहिली जुन्या टेबलाच्या सागाची. दोन पट्ट्या जोडून 24 इंचांचा गोल कापला, पॉलिश केलं. दिसायला देखणी, आवाजही खणखणीत. मग हवा दमट झाली. भरीव लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळपास हलत नाही, हे वाचून माहीत होतं, पण आपल्या फळीला ते लागू पडेल असं कुणाला वाटतं? एका ठोशानंतर बॅग समोर आपटते, मागे आपटते, पुन्हा समोर आपटते आणि मग हातात येते. माझी बॅग तिसऱ्या टप्प्यानंतर तिरकी यायला लागली. पंधरा दिवस मी हातालाच दोष देत होतो. शेवटी खाली झोपून फळीला स्टीलची पट्टी आडवी लावली, तर मधे फट. एक नाणं सहज सरकलं, दुसरं जरा घासून गेलं. फळी वाटीसारखी वळली होती.

दुसरी 18 मिमी प्लायवूडची, एकच गोल. प्लायमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असतात, त्यामुळे ती वळायची भीती कमी. सपाट राहिलीच. पण बॅग मेल्यासारखी परत यायची, तिसरा टप्पा तर नुसता टेकल्यासारखा. फळीवर एक नाणं ठेवून ठोसे मारले, तर ते थरथरत कडेपर्यंत गेलं आणि खाली पडलं. डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. ठोशाची जी ताकद बॅगेत परत यायला हवी होती, ती फळी हलवण्यात खर्च होत होती. एवढ्या गोलाचं वजन जेमतेम साडेतीन किलो, त्याला बिचारं काय थोपवता येणार.

तिसरी फळी म्हणजे हीच दुसरी, वरून तसाच आणखी एक गोल चिकटवलेला. सुतारकामाचा पांढरा गोंद पूर्ण पृष्ठभागावर पसरला (फक्त कडेला लावला तर मधे पोकळी राहते आणि ती गुणगुणते), वरून 30 मिमीचे स्क्रू मारले म्हणजे टोकं खाली निघत नाहीत, आणि एक दिवस हात लावला नाही. जाडी 36 मिमी, वजन सातेक किलो. आता नाणं जागच्या जागी शहारतं, बस. पूर्वीच्या निम्म्या जोराने मारलं तरी बॅग तालात राहते, खांदेही कमी दुखतात.

त्यामुळे कोणी लाकूड कोणतं घेऊ असं विचारलं, की मी आधी वजन विचारतो. जातिवंत लाकडाचा मोह मला तरी महागात पडला. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) वाईट नाही, उलट वजनाला प्लायपेक्षा थोडं जास्तच भरतं, आत पोकळी नसते, सपाट तर असतंच. एका मित्राकडे दोन थरांचं आहे आणि त्याचा उसळा माझ्यापेक्षा उजवा आहे, हे मान्य करतो. फक्त पाण्याशी त्याचं वैर. कडा आणि भोकं नीट रंगवून बंद केली नाहीत तर ती फुगतात. कोरड्या खोलीत मी बिनधास्त तेच घेतलं असतं. पार्टिकल बोर्डाच्या (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या) वाटेला जाऊ नका, स्क्रूच धरत नाही.

प्लाय घेताना कापलेली कड बघा आणि बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करा. माझ्या एका गोलात कडेजवळ पोकळ जागा निघाली, तिथे बॅग आपटली की भुंग्यासारखा आवाज. भुसा आणि गोंद कालवून भरली.

लाकडाइतकाच त्रास जोडण्यांनी दिला. स्विव्हल आधी लाकडी स्क्रूंवर होता, तीन आठवड्यांत ढिला झाला. आता आरपार बोल्ट आहेत, वरच्या बाजूला रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यांनी सहज ढिले न होणारे). फळी धरणाऱ्या भिंतीवरच्या चौकटीचे बोल्ट महिन्यातून एकदा पान्याने आवळतो, दर वेळी एखादा पाव फेरा तरी फिरतोच. मधे आवाज कमी व्हावा म्हणून चौकट आणि भिंत यांच्यामध्ये रबर घातलं होतं. आवाज थोडा उतरला, पण उसळा पुन्हा मेला, म्हणून काढून टाकलं. घरच्यांची तक्रार त्यामुळे आहे तशीच आहे. मी वेळ बदलली, फळी नाही.

फळीच्या खालच्या बाजूला पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन हात दिले होते. त्यावर बॅगेने काळ्या दोन चंद्रकोरी उमटवल्यात, एक समोर, एक माझ्या बाजूला. समोरची बरोबर मधोमध आहे. माझ्या बाजूची थोडी डावीकडे सरकलेली, आणि पट्टी लावून पाहिलं तर फळी अजून सपाट आहे.