लॉकस्टेप चिप की सॉफ्टवेअर स्व-चाचणी?
गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेसाठीच्या आयएसओ २६२६२ मानकानुसार एएसआयएल-डी या सर्वात कडक सुरक्षा पातळीला एकल-दोष निर्देशांक (एकट्याने धोका घडवू शकणाऱ्या दोषांपासून किती संरक्षण आहे, याचे माप) किमान ९९ टक्के लागतो, तर त्याहून सौम्य बी पातळीला ९० टक्के पुरतो. हे संरक्षण लॉकस्टेप चिपने मिळवायचे की सॉफ्टवेअर स्व-चाचणीने, हा निवडीचा खरा प्रश्न इथेच सुरू होतो. लॉकस्टेप मायक्रोकंट्रोलरमध्ये दोन गाभे (कोअर) एकच सूचना चालवतात, दुसरा सहसा क्लॉकचे एक-दोन ठोके मागे, जेणेकरून वीजपुरवठ्यातील एखादा झटका दोघांना एकाच अवस्थेत गाठणार नाही, आणि निकाल जुळला नाही की तुलनाकार लगेच इशारा देतो. साध्या चिपवरील स्व-चाचणी, म्हणजे सॉफ्टवेअरनेच चिप तपासणे, स्वस्त पडते, पण ती ठराविक अंतराने चालत असल्याने मधल्या काळात क्षणभर उलटलेला बिट तिच्या हातून निसटतो. म्हणून स्टिअरिंग किंवा ब्रेकसाठी लॉकस्टेपच घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र प्रमाणपत्र चिपचे असते, गाडीचे नव्हे. चिपच्या सेफ्टी मॅन्युअलमध्ये गृहीत धरलेला बाह्य वॉचडॉग (चिप अडकल्यास ते ओळखणारे वेगळे सर्किट) बसवणे आपल्याच माथी येते.